फारशीच्या जगात आमचं कोण होतं?

मुसलमानी धर्म या देशात कसा पसरला याच्या दोन गोष्टी आपल्याकडे चालू आहेत. पहिली शाखेवर सांगतात: तलवार आली, मानेवर ठेवली, माणूस बाटला. दुसरी आपल्याच स्टेजवरून सांगितली जाते आणि तिला टाळ्या पडतात: इस्लामनं समता आणली, अस्पृश्य धावत गेले आणि बामणाच्या तावडीतून सुटले. पहिलीला चार ओळी बस्स आहेत. दिल्ली-आग्र्याच्या आसपास तलवार पाच-सहाशे वर्षं होती, तिथं मुसलमान अल्पसंख्यच राहिले. राजधानीपासून लांब, पूर्व बंगालच्या चिखलात, ते बहुसंख्य झाले. तलवारीचं गणित इथंच फसतं. दुसरी गोष्ट मात्र अशी झटकता येत नाही, कारण ती आपली आहे. आपण १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपुरात उभे राहून मागं बघतो आणि सगळ्या इतिहासात आपलीच दीक्षाभूमी शोधतो. ही सवय तपासायला हवी असं मला वाटतं.

त्यासाठी मी रिचर्ड ईटन या अमेरिकन इतिहासकाराची तीन पुस्तकं पुढं ठेवतो आहे. १९७८ चं विजापूरच्या सूफींवरचं, १९९३ चं बंगालच्या सरहद्दीवर इस्लाम कसा वाढला याचं आणि २०१९ चं 'इंडिया इन द पर्शियनेट एज'. माणूस कष्टाळू आहे, कागदपत्रात बुडालेला आहे. पण मी ही पुस्तकं एकच प्रश्न घेऊन वाचली. नवा धर्म आला, नवी भाषा आली, तेव्हा कुणाच्या हातात काय पडलं?

पहिल्यांदा एक गाठ सोडवू. इस्लामचा प्रसार आणि फारशीचा प्रसार ही एकच गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. ती एक नाही. पैगंबरांची भाषा अरबी. फारशी ही इराणची. अरबांनी सातव्या शतकात इराण जिंकला तेव्हा ती दरबाराबाहेर गेली, आणि दोन-अडीचशे वर्षांनी बुखाऱ्याच्या सामानी राजांच्या आश्रयानं अरबी लिपी अंगावर घेऊन परत उभी राहिली. रुदकी तिथला कवी, मेला ९४१ साली. फिर्दौसीचा शाहनामा १०१० ला पुरा झाला. मग ही भाषा खांद्यावर घेऊन कोण निघालं? इराणी नव्हे, तुर्क. घरात तुर्की बोलायचे, दरबारात फारशी. गझनी, लाहोर, १२०६ नंतर दिल्ली. पुढं चंगीझखानाच्या मोंगलांनी मध्य आशिया जाळला तेव्हा तिकडचे मुल्ला, शायर, कारकून, काजी जीव घेऊन दिल्लीकडं पळाले आणि फारशीचा मुक्काम इथं पक्का झाला. तिथून एक फाटा बंगालला, एक दख्खनला.

म्हणजे फारशी ही नमाजाची भाषा नव्हती. ती कचेरीची होती. सनद, हिशेब, शायरी, अदब, बागा, मेजवानी, राजानं कसं बसावं, नोकरानं कसं वाकावं, या सगळ्याची. मार्शल हॉजसन नावाच्या पंडितानं या पसाऱ्याला 'पर्शियनेट' हा शब्द काढला. त्याचा ग्रंथ १९७४ ला आला, त्याच्या मरणानंतर. आता विद्यापीठांमधून या शब्दाची चलती आहे. बोस्नियापासून बंगालपर्यंत एकच सुसंस्कृत जग होतं, धर्म न विचारता माणूस त्यात सामील होऊ शकत होता, असं मोठ्या प्रेमानं लिहितात. ईटनही २०१९ च्या पुस्तकात तेच सांगतो: एक संस्कृतचं जग, एक फारशीचं जग, आणि दोन्हींची शेकडो वर्षांची देवाणघेवाण. हिंदू-मुसलमान युद्धाच्या शाळकरी इतिहासाला हे चांगलं उत्तर आहे. मला ते मान्यच आहे. पण धर्म न विचारता सामील होता येत होतं, बरं, जात न विचारता येत होतं का?

याचं उत्तर त्या जगातल्याच एका माणसानं देऊन ठेवलं आहे, आणि आपल्या अभ्यासवर्गात मनुस्मृतीच्या शेजारी त्याची वही ठेवायला हवी. जियाउद्दीन बरनी. जन्म १२८५ च्या सुमाराचा, महंमद तुघलकाच्या दरबारात सतरा वर्षं राजाचा सोबती. त्याचा 'फतावा-ए-जहांदारी' हा ग्रंथ महंमद हबीब आणि अफसर सलीम खान यांच्यामुळं इंग्रजीत आला. राज्य कसं करावं याचे धडे आहेत. त्यात बरनी सांगतो की माणसं जन्मतःच उच्च आणि नीच घडवलेली असतात, गुण आणि अवगुण रक्तातून येतात. नीच कुळातल्यांना अक्षर शिकवू नका. नमाज, रोजा यापुरतं शिकवा, पुढं नको. शिकवणाऱ्या मास्तरला शिक्षा करा. नीच लोकांसाठी तो कुत्रा, डुक्कर, अस्वल असे दाखले देतो. आणि हे तो हिंदूंबद्दल बोलत नाही, बरं का! मुसलमान झालेल्या विणकर, न्हावी, माळी, खाटकांबद्दल बोलतो आहे. शंबूकाची गोष्ट फारशीत लिहिलेली आहे, एवढाच फरक.

पण बरनीला उलटाही वाचावा लागतो. नुसता शिव्या घालून सोडायचा माणूस नाही तो. १३५१ ला महंमद तुघलक मेला, बरनी दरबारातून फेकला गेला, दारिद्र्यात म्हातारा झाला आणि तिथून लिहायला बसला. १३५७ ला पुऱ्या केलेल्या इतिहासात तो तुघलकाच्या नावानं बोटं मोडतो. का? तर राजानं हलक्या लोकांना मोठ्या जागा दिल्या. नावं घेऊन सांगतो: दारू गाळणारा अजीज, गाणारा नजबा, फिरोज न्हावी, मनका स्वयंपाकी, लधा माळी. त्याच्या शाईतून जळफळाट टपकतो. म्हणजे न्हावी आणि माळी सुभ्यावर बसत होते! बरनीच्या पोटात दुखलं म्हणून आपल्याला ते कळलं. मनूचंही तसंच वाचता येतं. शूद्रानं असं करू नये, तसं करू नये याची एवढी लांब यादी ज्याअर्थी आहे, त्याअर्थी कुणीतरी ते करत होतं.

यात एक धोका आहे, तोही सांगतो. दारू गाळणारा अजीज माळव्यावर गेला आणि त्यानं तिथल्या सरदारांची कत्तल केली. राजानं त्याला वर आणलं ते समतेसाठी नाही. जुन्या सरदारांची दोन हात लांब ठेवायची होती, आणि ज्याला मागं कुळ नाही तो राजाशी इमान राखतो, म्हणून. आपल्यातले काही पुढारी कुणी का वर उचलतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको.

बरनीच्या तीनशे वर्षं आधी, १०३० च्या आसपास, अल्बेरुनीनं हिंदुस्थानावर अरबीत ग्रंथ लिहिला. हाडी, डोम, चांडाळ हे गावाबाहेरचे लोक त्यानं नोंदवले. आणि जात ही हिंदू-मुसलमानांमधली सर्वात मोठी भिंत आहे, कारण आमच्यात माणसं सारखी, फरक असला तर भक्तीचा, असं त्याचं म्हणणं होतं. तेव्हा समतेचा विचार त्या धर्मात नव्हता असं कुणी म्हणू नये. होता. तो अल्बेरुनीपासून बरनीपर्यंत येताना कुठं गळाला? माझ्या मते कचेरीत गळाला. फारशी दरबाराला राज्य चालवायचं होतं, आणि इथं राज्य चालवायला जातीची उतरंड तयार मिळाली. तयार मिळालेली शिडी कोण मोडतो?

आता फारशी कुणाच्या हातात पडली ते बघा. कायस्थ, खत्री, ब्राह्मण. अकबराच्या काळात तोडरमलानं हिशेब फारशीत नेले आणि लेखणीवर जगणाऱ्या हिंदू जाती झपाट्यानं फारशी शिकल्या. शहाजहानच्या दरबारात चंद्रभान नावाचा लाहोरचा ब्राह्मण मुन्शी होता, फारशीतला नामांकित शायर. त्यानं टोपणनाव काय घेतलं माहीत आहे? 'बरहमन'. फारशीच्या जगात शिरताना त्याला आपली जात बाहेर काढून ठेवावी लागली नाही, ती त्यानं शेराच्या शेवटी बिल्ल्यासारखी लावली. एखाद्या मेहतरानं तसं टोपणनाव घेऊन त्या मुशायऱ्यात बसून दाखवायला हवं होतं. पुढं राममोहन रॉयनी मूर्तिपूजेवर पहिला हल्ला केला तोही फारशी पुस्तकातून. १८३७ ला कंपनी सरकारनं कचेरीतून फारशी काढली, तेव्हा हीच मंडळी पटकन इंग्रजीकडं सरकली. भाषा बदलली, लेखणीचा धनी तोच.

दख्खनची तऱ्हा थोडी वेगळी, निकाल तोच. १३२७ मध्ये तुघलकानं दौलताबादला राजधानी आणली, तिच्याबरोबर मुल्ला-मौलवी, सूफी, शायर आले. खुलताबादला लोक औरंगजेबाची कबर बघून परततात. बुऱ्हानुद्दीन गरीब तिथलाच, १३३७ ला वारला, आणि हसन सिज्झी हा फारशीचा मोठा कवीही त्याच मातीत आहे. १३४७ ला बहमनी राज्य झालं. पण दख्खनच्या खेड्यात फारशी कधी पोचली नाही. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहानं, १५३४ नंतर, परदेशी सरदारांना काढून हिशेबाची भाषाच फारशीऐवजी देशी केली आणि ते काम ब्राह्मणांकडं सोपवलं, असं फिरिश्ता लिहितो. ईटनसारखे लोक याला देशी भाषेचा सन्मान म्हणतात. असेलही. पण गावात त्याचा अर्थ एकच: कुलकर्ण्याचं दप्तर. सुलतान मुसलमान, भाषा मराठी, शब्द फारशी आणि लिहिणारा बामण. महाराच्या नावापुढं काय लिहायचं ते तोच ठरवणार.

शब्दांचंच बघा. अर्ज, फिर्याद, जमीन, महसूल, हक्क, दप्तर, शाई, सरकार, सगळे त्याच वाटेनं आले. आपल्याला सर्वात जवळचा शब्द 'वतन'. मूळ अरबी, फारशीच्या हातून मराठीत. अर्थ मायभूमी. शायर लोक वतनासाठी रडतात. आणि महारवाड्यात आल्यावर वतन म्हणजे काय झालं? वेशीवर पहारा, सरकारी टपाल, मेलेलं ढोर ओढणं, मर्तिकाचा सांगावा, बदल्यात हाडकी-हाडोळा आणि शिळी भाकर. आमच्या म्हाताऱ्यांनी त्यालाच मान समजून बेदरच्या बादशहाची कथा जपली. अमृतनाकानं पराक्रम केला, बादशहानं बावन्न हक्क लिहून दिले. दंतकथा आहे, पण तिच्यातली भूक खरी आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी बादशहाच्या लिहिलेल्या कागदाचं स्वप्न शेकडो वर्षं सांभाळलं. बाबासाहेबांनी हे स्वप्न फाडलं. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं. १९३१ मध्ये गांधींना त्यांनी तोंडावर सांगितलं की मला मायभूमी नाही. फारशी कोशात 'वतन' उघडा, नि मग महाराचं वतन आठवा. बाबासाहेब काय बोलले ते त्या एका शब्दात दिसतं. वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं.

म्हणून मला शब्दशुद्धीची भांडणं हास्यास्पद वाटतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, त्यामागं नव्या राज्याची गरज होती, ते एक वेळ समजू शकतं. पण सावरकरांनी १९२० च्या दशकात भाषा शुद्ध करायला घेतली, तेव्हा शुद्ध कुणासाठी करत होते? फारशी शब्द काढून संस्कृत घातले की महाराला ती भाषा जवळची होते का? कागद तसाच, दस्तऐवजाचं 'लेख्य' झालं इतकंच. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'त १९७२ ला कामाठीपुऱ्याची हिंदुस्थानी मिसळलेली मराठी आली तेव्हा शब्दकोश हुडकायची पाळी पहिल्यांदा पुणेकरांवर आली. कचेरीतून आलेला शब्द वेगळा आणि फुटपाथवरून आलेला वेगळा, भले दोघांचा आजा इराणात असेना का.

आता बंगाल. ईटनचं खरं काम इथं आहे.

१८७२ ला बंगालची पहिली शिरगणती झाली आणि इंग्रज चक्रावले. चितगाव, नोआखाली, पाबना, राजशाही या जिल्ह्यांत ७० टक्क्यांहून जास्त मुसलमान निघाले. शहरातले नव्हेत, नवाबाच्या वाड्यातले नव्हेत. गुडघाभर पाण्यात भात लावणारे. हे आले कुठून? शिरगणतीचा अधिकारी बेव्हर्ली म्हणाला, इथल्याच चांडाळ, राजबंशी अशा जातींतून. झालं, खानदानी मुसलमानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मुर्शिदाबादच्या नवाबाचे दिवाण खोंदकार फजली रब्बी यांनी १८९५ ला इंग्रजीत पुस्तकच काढलं की बंगालचे मुसलमान बाहेरून आलेल्या खानदानांचे वंशज आहेत. शेतकऱ्यावर प्रेम म्हणून नाही, चांडाळाशी नातं लागतं या शरमेनं. आणि गंमत म्हणजे ज्याच्यावरून ही झोंबाझोंबी चालली होती तो शेतकरी यातलं काहीच वाचत नव्हता.

ईटन दोन्ही गोष्टी बाजूला सारतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. सोळाव्या शतकात गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडं सरकला. पूर्व बंगालची जंगलं भातशेतीला खुली झाली. १५७६ ला मोगलांनी बंगाल घेतला, १६१० ला डाक्क्याला राजधानी केली. मोगलांना मुसलमान करण्यात रस नव्हता, महसुलात होता. त्यांनी जंगल तोडणाऱ्या म्होरक्यांना करमाफीच्या सनदा दिल्या. अट अशी की जंगल साफ करा आणि मशीद किंवा दर्गा सांभाळा. म्होरक्या बहुतेक पीर, काजी, हाजी. त्यानं रानातली माणसं गोळा केली, कुऱ्हाड दिली, बी दिलं, मधोमध बांबूची मशीद घातली. दोन-चार पिढ्यांत ती माणसं शेतकरीही झाली आणि मुसलमानही. चितगाव आणि सिल्हेटच्या सनदा त्यानं स्वतः तपासल्या. त्यातली एक बाब मला फार मोलाची वाटते: जिथं सनद मंदिराला मिळाली तिथं वस्ती मंदिराभोवती झाली. म्हणजे देव कुठला, हे नांगरामागं आलं.

आणि समतेचं काय? ईटन म्हणतो, त्या काळच्या मुसलमान लेखकांनी हिंदू जातिव्यवस्थेच्या विरुद्ध इस्लामची समता अशी मांडणीच केली नाही. एक देव विरुद्ध अनेक देव, एवढाच त्यांचा वाद. दुसरं, जिथं ब्राह्मणी व्यवस्था सर्वात घट्ट होती तिथं धर्मांतर कमी. पूर्व बंगाल, पश्चिम पंजाब इथं ती विरळ होती, तिथं जास्त. ही माणसं वर्णात धड बसलेलीच नव्हती, तर वर्णातून सुटायला कशी धावतील?

हे वाचून आपल्यातला तरुण कार्यकर्ता रागावेल. मला राग आला नाही, पण दोन शंका आल्या. एक, ईटनचे साक्षीदार कोण? सनद देणारा अधिकारी, सनद घेणारा पीर, पोथी लिहिणारा कवी. कुऱ्हाड चालवणाऱ्याचं म्हणणं कुठल्याच कागदावर नाही. समता हा शब्द बरनीच्या जातीच्या लोकांनी लिहिला नाही, यावरून तो रानातल्या माणसाच्या मनात नव्हता असं ठरत नाही. आणि होता असं म्हणायलाही पुरावा नाही. दोन, ते वर्णात नव्हते हे खरं मानू. पण वर्ण त्यांच्याकडं चालत येतच होता. त्याच नद्यांच्या काठी, त्याच चिखलात, मुसलमान न झालेल्या त्यांच्या भावांचं काय झालं? त्यांना चांडाळ हे नाव मिळालं. हरिचंद ठाकूर १८१२ ला जन्मला त्या फरीदपूरच्या भागात हीच माणसं मतुआ पंथात गोळा झाली, आणि १९११ च्या शिरगणतीत 'चांडाळ' जाऊन 'नमःशूद्र' लिहून घ्यायला त्यांना पिढ्या घालवाव्या लागल्या. याच नमःशूद्रांच्या जोगेंद्रनाथ मंडलांनी १९४६ ला बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठवलं, तेव्हा हा मुलूख आपल्याला परका नाही. मुसलमान झालेला शेतकरी जातीतून सुटला नसेल. पण येऊ घातलेली एक जात त्याला चुकली, असं मला या दोन भावांकडं बघून वाटतं. ईटन या बाजूला फारसा वळत नाही.

मात्र त्याची जागा त्याला मोकळी मिळाली नाही. सोळाव्या शतकाच्या शेवटी मुकुंदराम चक्रवर्तीनं चंडीमंगल लिहिलं. त्यात नव्या नगरातले मुसलमान येतात ते धंद्याधंद्यानं: जोलाहा, मासे विकणारे, कागद करणारे, शिंपी, रंगारी, कसाई. एकेकाला वेगळं नाव, वेगळी ओळख. बामण कवीची नजर आहे, धरून चाला. तरी एवढं उघड आहे की त्याला ते सगळे 'एक' दिसले नाहीत.

साहित्याच्या अंगानं मला सर्वात जवळची वाटली ती चितगावच्या सय्यद सुलतानची गोष्ट. सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर यानं 'नबीबंश' नावाचं पैगंबरांचं चरित्र बंगालीत लिहिलं. अरबी-फारशी न येणाऱ्या माणसाला आपला धर्म कळावा म्हणून. कृष्णालाही त्यानं त्या मालिकेत जागा दिली. तर शिकलेले लोक म्हणाले, हा ढोंगी आहे, धर्माची पोथी हिंदूंच्या भाषेत उतरवतो. त्याला पोथीतच आपली बाजू मांडावी लागली. नंतरच्या अब्दुल हकीमनं नूरनाम्यात बंगालचं खाऊन बंगालीला नाकं मुरडणाऱ्यांना खडसावलं. फारशी न येणारा माणूस धर्म कळायच्या लायकीचा नाही, ही ताकीद आणि ज्ञानेश्वर-एकनाथांना झालेला छळ, यात मला अंतर दिसत नाही. 'ही काय भाषा आहे?' हे वाक्य आपल्या कवितेनंही ऐकलेलं आहे.

विजापूरच्या सूफींचं चक्कीनामा हे प्रकरण मात्र ईटनपेक्षा मी वेगळं वाचतो. दळताना म्हणायची दख्खनी गाणी; जात्याच्या एकेका भागाला अल्ला-पैगंबराची खूण ठरवलेली. ईटन म्हणतो, अशा गाण्यांतून कष्टकरी बायकांच्या तोंडून साधा इस्लाम घरोघर पोचला. पटतं. पण ती गाणी केली कुणी? खानकाहीतल्या पुरुषांनी, आणि जात्यावर बसवली. आपल्या बायांनी भीमरावावर ओव्या केल्या, त्या हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या आहेत. त्या कुणी लिहून दिल्या नव्हत्या. धर्म जात्यावर घालणं आणि जात्यातून निघणं, हा फरक समीक्षेनं पाहिला पाहिजे. ईटनला सूफीचं मन कळतं. दळणारी त्याच्या पुस्तकात गाते, बोलत नाही.

आणि गाणं एक झालं, पंगत एक झाली का? १९०१ च्या बंगाल शिरगणतीत मुसलमानांचे तीन थर नोंदले आहेत: अशरफ, अजलफ, अरजल. अरजल म्हणजे हलालखोर, लालबेगी वगैरे, ज्यांच्याशी इतर मुसलमान मिसळत नाहीत आणि ज्यांना मशिदीत आणि सार्वजनिक कबरस्तानात मज्जाव. हा उतारा बाबासाहेबांनी आपल्या पाकिस्तानवरच्या ग्रंथात छापला. आपल्यातले वक्ते ते पुस्तक मुसलमानांच्या विरोधात वापरतात किंवा लपवतात. दोन्ही चूक. बाबासाहेब तिथं त्या हलालखोराची साक्ष काढत होते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात म्हणजे फक्त हिंदू असं ठरवलं. १९५६ ला शीख आले. १९९० ला आपण बौद्ध आलो, चौतीस वर्षं दार ठोठावून. लालबेगी तेव्हाही बाहेर राहिला, कारण त्याच्या धर्मात जात नाही असं पुस्तकात लिहिलं आहे. म्हणजे समतेची जी गोष्ट आपण स्टेजवरून सांगतो तिचा पहिला तोटा त्यालाच. २०२२ च्या ऑक्टोबरात यावर केंद्रानं न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला. आपल्यात यावर एकमत नाही, वाटेकरी वाढतील म्हणून काहीजण कुरकुरतात. त्यांनी १९९० च्या आधीचे आपले मोर्चे आठवावेत.

बिहारच्या अली अन्वर यांनी १९९८ ला संघटना काढली आणि २००१ ला पुस्तक लिहिलं, 'मसावात की जंग'. मसावात म्हणजे समता. त्यांच्या संघटनेच्या नावात 'पसमांदा' हा शब्द आहे. शब्द फारशी आहे, अर्थ मागं राहिलेले. पुढच्या अंकात त्या पुस्तकावर कुणीतरी लिहा.